सावलीत वाळवलेली माती

२ फेब्रुवारी

सेनगावहून जीपने तांड्यापर्यंत, पुढे दोन किलोमीटर पायी. दरड आहे तशीच आहे. दर वर्षी भीती वाटते की नसेल.

सात मीटर उंच. तळाला गोटे, चुन्याने बांधल्यासारखे घट्ट. वर तांबूस गाळ. त्यावर चुनखडीच्या खड्यांचा थर, माझ्याहून उंच. त्यावर वीतभर बारीक वाळू. सर्वांत वर काळी माती. ओढा पूर्णेला मिळण्याआधी इथे वळतो आणि त्या वळणावर त्याने ही दरड कापून ठेवली आहे. अकरा वर्षांत एवढी अखंड दरड मला जिल्ह्यात दुसरी सापडली नाही.

हिमयुगात हिंगोलीत बर्फ नव्हता. फक्त पाऊस गेला होता. उत्तरेला बर्फ साचला, समुद्र खाली गेला, वारे कोरडे झाले आणि पूर्णा आटली. चुनखडीचा थर म्हणजे ती वर्षं. किती हजार, ते कोणाला माहीत नाही. तेवढं सांगणं हा माझा प्रबंध. शेवटची मुदतवाढ ३० जूनला संपते. मग नोंदणी रद्द. पीएच.डी. नसलेल्या तासिकेवरच्या माणसाला कॉलेज पुढच्या वर्षी बोलावणार नाही. प्राचार्यांनी तसं सांगितलं आहे. रागाने नाही.

दरडीवरचं शेत फुलसिंगकाकांचं. साठीच्या पुढचे असतील. काठी टेकत आले.

"काय करून राहिले, सर?"

"माती परीक्षण," मी म्हणालो.

"बरं हाय. आमच्या मातीत काय कमी हाय ते तरी कळंल."

खरं सांगायला तास लागला असता. ऊन चढत होतं.

५ फेब्रुवारी

दरडीचा दर्शनी भाग फूटभर आत खरवडायचा असतो. वरून, बाभळीच्या झाडापासून सुरुवात केली. काळ्या मातीत तिथे एक जागा वेगळी आहे. दोन हात लांब, हातभर रुंद, माती कालवलेली. कोणीतरी कधीतरी खणून पुन्हा भरली आहे. विस्कळीत म्हणून नोंदीतून वगळली.

भिकाबाई, काकांची बायको, भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली कुदळ धरली.

"तिथं न्हाई, सर."

"देवाची जागा आहे का?"

"तिथं न्हाई."

मी दहा पावलं सरकून काम सुरू केलं. फरक पडत नाही, थर तेच आहेत.

१६ फेब्रुवारी

आज काकांना खरं सांगून टाकलं. म्हणजे थोडं. बर्फाचा काळ, आटलेली नदी.

"बर्फ? इथं?" काका म्हणाले. "सर, मे महिन्यात या. मी दावतो तुमाला बर्फ."

"ह्यांचं काय ऐकता," भिकाबाई म्हणाल्या. "ह्यांनी बर्फ फकस्त लग्नातल्या सरबतात पाह्यला. त्योबी पोरायनं खाल्ला अन् ह्यायला पाणी."

खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण काका ते विसरले असावेत. निघताना म्हणाले, "मग, युरिया कमी टाकू का जास्ती?"

२४ फेब्रुवारी

थरांची मापं पूर्ण. चुनखडीतच तीन वेगळे थर निघाले, म्हणजे एकूण सात. काकांच्या ओसरीत जेवलो. मुलांबद्दल विचारलं.

"विकास हाय पुण्याला, कंपनीत. त्याच्या पाठीवर एक पोरगी झालती. चार वर्साची व्हती." काकांनी काडी ओढली. ती विडीपर्यंत पोचण्याआधी विझली. त्यांनी दुसरी ओढली नाही. मग हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोललो.

अवजारं आणायला दरडीकडे परत निघालो, भिकाबाई सोबत आल्या. वाटेत विचारलं, "सर, मातीत हाडूक किती वर्सं ऱ्हातं?"

मला आनंद झाला. इतक्या वर्षांत असा प्रश्न वर्गातसुद्धा कोणी विचारला नाही. मी सविस्तर सांगितलं. आंबट मातीत हाड विरघळतं, चुन्याच्या मातीत टिकतं. ही माती चुन्याची. हजारो वर्षं टिकेल.

"बारीक असलं तरी?"

"बारीकसुद्धा. उंदराचे दात सापडतात, पन्नास हजार वर्षांपूर्वीचे."

"मंग हाय ते," त्या म्हणाल्या.

शिकल्या असत्या तर कुठे पोचल्या असत्या.

१२ मार्च

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला आहे. ओढ्याचं खोलीकरण आणि रुंदीकरण, चार किलोमीटर. दोन्ही काठ उतार देऊन कापणार, निघालेला गाळ मागेल त्याच्या शेतात. काम २० एप्रिलपासून.

चांगली योजना आहे. तांड्यावर मार्चमध्येच टँकर येतो. मी विरोधात बोलू शकत नाही आणि बोलणारही नाही. काकांनी गाळासाठी नाव दिलं आहे.

त्याआधी नमुने निघाले की झालं.

आज तांड्यावर कृषी सहायक आला होता. माती नमुना कसा काढावा याचं प्रात्यक्षिक झालं, कागद वाटले. काकांनी मला तो दाखवला. "सर, तुमचंच काम हाय की हे." मी मान हलवली. त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

२१ मार्च

सात नळ्या. सात थर. आज एका दिवसात झालं.

हातभर लांबीच्या लोखंडी नळ्या दरडीत आडव्या ठोकल्या. घण काकांनी मारला. माझा नेम चुकतो. प्रत्येक नळी बाहेर येताच दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी, वर काळं प्लास्टिक.

वाळूचा कण उजेडात असतो तोवर रिकामा असतो. गाडला गेला की अंधारात त्याच्यात हळूहळू काहीतरी साठत जातं. प्रयोगशाळेत ते मोजतात आणि तो किती वर्षं अंधारात होता ते कळतं. पुन्हा उजेड लागला, क्षणभर जरी, की सगळं पुसलं जातं. कण नवा होतो. म्हणून काळी पट्टी.

दोन वर्षं थांबल्यावर प्रयोगशाळेने तारीख दिली आहे. १२ एप्रिल.

उद्यापासून परीक्षेची ड्यूटी आहे. नळ्या जड आहेत आणि जीपच्या टपावरही माणसं असतात. ३ एप्रिलला गाडी करून नेईन. तोवर काकांच्या घरात, कणगीच्या मागे.

"नीट ठेवा काका. ऊन लागू देऊ नका."

"बेफिकीर ऱ्हावा. लेकरासारखी ठिवतो."

संध्याकाळी बायकोचा, निताचा फोन. ती हट्ट्याच्या शाळेत शिकवते, शनिवारी भेटतो. "झालं का?" तिने विचारलं. अकरा वर्षं हाच प्रश्न. आज पहिल्यांदा म्हणालो, झालं.  ती म्हणाली, जेवून घे.

३ एप्रिल

लिहिलंच पाहिजे म्हणून लिहितो.

सकाळी गाडी घेऊन गेलो. काका दारातच होते. हातात पांढरी कापडी पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं, आत अर्धा किलो माती. चिठ्ठी शेजारच्या मास्तराकडून लिहून घेतलेली. नाव, गाव, गट क्रमांक, मागचं पीक हरभरा.

"सर, तुमचं काम करून ठिवलं."

मी कणगीमागे पाहिलं. नळ्या नव्हत्या. अंगणात होत्या, धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या. भिकाबाईंनी घासून चकचकीत केल्या होत्या.

काका सांगत होते. नळ्यांना आतून पाणी सुटलं होतं. कागदावर लिहिलंय, ओली माती घेत नाहीत, परत पाठवतात. सर इतके लांबून येतात, परत पाठवली तर तकलीफ. म्हणून सातही नळ्या ठोकून रिकाम्या केल्या. चुनखडीचे खडे वेचून टाकले. एकाच शेताची माती, म्हणून सगळी एकत्र कालवली. गोल पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले. पुन्हा कालवली, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकले. अर्धा किलो राहीपर्यंत.

"अन् वाळवली सावलीत," काका म्हणाले. "तुमी बोलले व्हते, ऊन लागू द्यायचं न्हाई. कागदावर बी तसंच हाय. तीन दिवस छपराखाली वाळवली. मी बाजूला बसून व्हतो. कोंबडी जवळ येऊ देली न्हाई."

सगळं बरोबर होतं. एकही पायरी चुकली नव्हती.

मी ओसरीवर बसलो. भिकाबाईंनी चहा दिला. काका तोंडाकडे बघत होते.

"कमी पडती का सर माती?"

"नाही."

"मंग?"

"छान झालंय, काका."

त्याच दिवशी पुन्हा नळ्या ठोकता आल्या असत्या. नळ्या रिकाम्या होत्या, घण तिथेच होता, दरड दोन किलोमीटरवर उभी होती, काळी पट्टी पिशवीत होती. दुपारचे बारा वाजले होते. हे सगळं मला आत्ता सुचतंय. तिथे काहीच सुचलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन परत आलो. ड्रायव्हरने विचारलं, एवढंच न्यायचं होतं का?

४ एप्रिल

परीक्षा. तीन तास वर्गात उभा होतो. मागच्या बाकावरच्या मुलीने कॉपी काढली, पाहिली, परत ठेवली. मी पाहत होतो.

मशीन वीस तारखेला येणार. आठ तारखेला ड्यूटी संपते. नऊला जाऊन ठोकीन. बाराला प्रयोगशाळा. जमतं.

९ एप्रिल

मशीन सहा तारखेलाच आलं. शेजारच्या गावचं काम अडलं म्हणून पोकलेन इकडे वळवलं. तीन दिवसांत वळणाच्या पुढे गेलं. दरडीच्या जागी उतार आहे, फळ्यासारखा गुळगुळीत. ट्रॅक्टर गाळ वाहताहेत. काकांच्या शेतात ढिगारे. तांबूस, पांढरट, काळे, एकात एक.

पण सगळं गेलेलं नाही. बाभळीचा कोपरा उभा आहे. तीन मीटर रुंद, पूर्ण उंचीचा, बुरुजासारखा. सातही थर दिसतात.

ऑपरेटर छत्तीसगडचा. मी विचारलं, हा का सोडला?

"वो बुढ्ढी माई बैठी थी," तो म्हणाला. "सुबह से शाम तक. उठी ही नहीं. मैं क्या करता, साहब? ठेकेदार को बोला, पेड़ है, छोड़ दिया."

भिकाबाई अजून तिथेच होत्या, बाभळीखाली. माझ्यासाठी माझी दरड राखून बसल्या, तीन दिवस, या उन्हात.  मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

नळी काढली. त्या उठल्या.

"हितं न्हाई, सर."

"काकू, फक्त सात नळ्या. थोड्या वेळाचं काम आहे."

"एकबी न्हाई."

"अहो, मग राखली कशासाठी?"

 काका आले. दोघं त्यांच्या बंजारा बोलीत काहीतरी बोलले, मला समजलं नाही. मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरं काईबी मागा, सर. शेत खणा सगळं. हे नका मागू."

मी पुष्कळ बोललो. अकरा वर्षं, प्रबंध, नोकरी, सगळं. आवाज चढला असावा, कारण ऑपरेटरने मशीन बंद करून इकडे पाहिलं. भिकाबाई ऐकत होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा तिथेच बसल्या.

अंधश्रद्धा इतकी खोल असेल असं वाटलं नव्हतं. त्या बाईने मला हाडांबद्दल विचारलं होतं.

१२ एप्रिल

प्रयोगशाळेला फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

कापडी पिशवी हिंगोलीला माती परीक्षणाच्या खिडकीवर दिली. काकांना तसा शब्द दिला होता. कारकुनाने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "इतका व्यवस्थित नमुना पहिल्यांदा पाह्यला बघा."

२६ एप्रिल

पुन्हा गेलो. चिडून नाही. गूळ आणि शेंगदाणे नेले. भिकाबाईंनी ठेवून घेतले, चहा दिला. मी विषय काढला नाही. त्यांनीही नाही, थोड्या वेळाने शेताकडे गेल्या. काका विचारत होते, कागद कधी येईल.

ऊन उतरल्यावर, परतण्याआधी, दरडीकडे जाऊन बाभळीजवळ थांबलो. कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी कापलेला तो कोपरा. नळी सोबत होती, घण झाडाच्या बुंध्याशी पडलेला. खालून ठोकली असती तर वरून दिसलंही नसतं.

ठोकली नाही. का नाही, ते सांगता येत नाही. कोणीतरी फुलं ठेवली होती. पळसाची, वाळत आलेली, आणि त्यावर शेंगदाण्याचे चार दाणे. मी आणलेले.

७ मे

चार दिवस खाली हट्ट्याकडे पूर्णेच्या काठाने चाललो. कुठेतरी असेल. काठ सपाट केले आहेत, वर ऊस आणि हळद. एका ठिकाणी दोन मीटरची दरड दिसली. जवळ गेलो तर जुन्या कालव्याचा भराव. त्यात प्लास्टिकची चप्पल होती, पाच फूट खोल. तिचं वय सांगता आलं असतं.

निताला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "त्यांना पहिल्या दिवशी नीट का नाही सांगितलंस?" मी म्हणालो, ऊन होतं.

१५ मे

अवकाळी. काल दुपारी तासभर गारा आणि वारा. काकांचा फोन आला. कोपरा ढासळला. बाभूळ मुळासकट ओढ्यात.

मी गेलो तोवर मशीनने ओढा मोकळा केला होता. पाण्याला अडथळा झाला असता. कोपऱ्याची माती काकांच्याच शेतात टाकली, सर्वांत जवळचं तेच. ढिगाऱ्यांवर ट्रॅक्टर फिरत होता. काका बांधावर उभे होते. भिकाबाई दिसल्या नाहीत.

"घरी हाय," काका म्हणाले. "उठून न्हाई राहिली."

"ताप आहे का?"

"न्हाई."

मी म्हणालो, आता काय, दोघांचंही गेलं. का म्हणालो कोणास ठाऊक. काकांनी मान हलवली.

२ जून

मार्गदर्शकांना पत्र लिहून कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. कालमापनाशिवाय प्रबंध स्वीकारला जाणार नाही. दरडीचं वर्णन छोटा लेख म्हणून कुठेतरी द्यावं.

वर्णन आहे माझ्याकडे. मापं आहेत, छायाचित्रं आहेत. एका छायाचित्रात वरच्या कोपऱ्यात भिकाबाईंचे पाय आले आहेत. लेखात ते कापावं लागेल.

१४ जून

मृदा आरोग्य पत्रिका आली. हिंगोलीहून घेतली आणि तांड्यावर गेलो. प्राचार्यांना काल भेटलो, ते झालं.

काकांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली आणि परत माझ्याकडे दिली. "वाचा."

सामू आठ दशांश चार. नत्र कमी. स्फुरद कमी. पालाश भरपूर. सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. मुक्त चुना जास्त.

"चुना जास्ती," काका म्हणाले. "त्ये तर मी खडे वेचून टाकले व्हते."

"तरी राहतो तो."

"पण सर, खरं सांगा. ही पत्रिका माझ्या शेताची हाय का? माती त्या दरडीची व्हती. मला नंतर सुधरलं. भिकाबाई बोलली, सर त्या दिवशी चहा न पिताच गेले. तवाच मला वाटलं, माझ्याकडून काईतरी चुकलं."

मी शेताकडे पाहिलं. सात थर, खालचा वर, वरचा खाली, कालवून सारखे पसरलेले. कुळवाची एक पाळी झालेली. पिशवीत जे होतं तेच सगळीकडे होतं.

"तुमच्याच शेताची आहे," मी म्हणालो. "अगदी बरोबर आहे."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग काय पेरू? सोयाबीन का तूर?"

"तूर. चुना सोसते. शेणखत टाका."

"शेणखत हाय." त्यांनी पत्रिका घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, कृषी सहायकाच्या कागदाजवळ.

भिकाबाई शेतात होत्या. रोज असतात, काका म्हणाले, सकाळी जातात. पेरणीच्या आधी सगळं शेत बघून व्हायला पाहिजे म्हणतात. त्या वाकून चालत होत्या, एका ओळीत, तास धरल्यासारख्या. पांढरं दिसेल ते उचलायच्या, पुसायच्या, बोटांनी चाचपायच्या. काही टाकायच्या, काही ओच्यात ठेवायच्या. मला वाटलं, चुनखडीचे खडे वेचताहेत, पिकासाठी.

मला पाहून त्या आल्या. बारीक झाल्या आहेत. ओचा उघडला.

"सर, तुमाला कळतं. हे काय हाय?"

पांढरा, बोराएवढा, खडबडीत. "चुनखडी."

"हे?"

लांबट, आतून पोकळ. झाडाच्या मुळाभोवती चुना साचला की असा आकार होतो. मी तो मोडून दाखवला. "चुनखडीच, काकू."

त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग ओच्याच्या तळातून तिसरं काढलं, कापडात गुंडाळलेलं. कापड उघडलं. हातावर ठेवलं नाही, फक्त दाखवलं. लहान होतं, पातळ, करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं.

"अन् हे?"

बांधाच्या पलीकडे, मशीनसाठी केलेल्या वाटेवर, जीप हॉर्न देत होती. मी ते हातात घेतलं नाही. चष्मा काढला नाही, वाकलो नाही.

"तेही चुनखडीच," मी म्हणालो.

त्यांनी कापड पुन्हा गुंडाळलं, नीट, चारही कोपरे आत घेऊन, आणि ओच्यात ठेवलं. मग जिथे ओळ सोडली होती तिथे परत गेल्या.